कांद्याची मुळी आणि मातीतली बुरशी

(गावच्या शाळेत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कांदा हा आहे. कांद्याच्या खुरपणीत ज्यांच्या कमरा वाकल्या, त्यांना कांदा शिकवावयास मास्तर निघाला, असे कोणी म्हणेल. तर कांदा कसा लावावा हे मी सांगणार नाही. ते तुम्हीच मला सांगाल. मी बोलणार आहे ते जमिनीखाली काय चालते याविषयी. तेथे तुमचीही नजर पोहोचत नाही आणि माझीही नाही. सूक्ष्मदर्शक यंत्राची पोहोचते. पण त्या यंत्रातून ज्यांनी पाहिले त्यांनी लिहिलेली पुस्तके आपल्या घरांत क्वचित येतात, आणि आली तरी अशा भाषेत येतात की वाचणाराच घाबरून मिटून ठेवतो. ती भाषा बाजूला सारून आत काय आहे तेवढे आज सांगतो.

प्रश्न असा आहे. एकाच पिशवीतले बी, एकाच वाफ्यातले रोप, दोन भावांनी अर्धे अर्धे नेले असे धरा. एकाचा कांदा चाळीत पोळ्यापर्यंत टिकतो, आणि फोडला तर डोळ्यांतून पाणी काढतो. दुसऱ्याचा मोठा होतो, वजनाला भरतो, पण आषाढात चाळीखाली ओल दिसू लागते, आणि भाकरीबरोबर खाल्ला तर पाण्याचा घोट घेतल्यासारखा लागतो. आपण म्हणतो, जमिनीचा गुण. म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. जमिनीचा गुण म्हणजे काय, तो कोणाच्या हातून पिकात येतो, आणि आपण तो राखतो की घालवितो, हे पाहिल्यावाचून पुढच्या वर्षी काय करावे ते कळणार नाही.

कांद्याचे एक रोप हलक्या हाताने उपटा आणि मुळ्या पाण्यात धुवा. शेजारी बाजरीचे एक ताट तसेच धुवून ठेवा. बाजरीच्या मुळ्यांना फाट्यांवर फाटे फुटलेले असतात आणि त्यांवर बारीक लव असते. कांद्याच्या मुळ्या म्हणजे पांढरे जाड दोरे. संख्या थोडी, फाटे फारसे नाहीत, लव जवळजवळ नाही, आणि पसारा वरच्या वीत-दीड वीत मातीत. एवढ्या दरिद्री मुळीवर एवढे पीक कसे उभे राहते, हे नवलच आहे.

आता स्फुरदाचा स्वभाव पाहा. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळीपाशी येते. स्फुरद तसे येत नाही. ते मातीच्या कणाला चिकटून बसते. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर चुन्याशी गाठ मारून बसते. मुळीच्या भोवतीचे एक-दोन मिलिमीटरातले स्फुरद संपले, की बोटभर अंतरावर कितीही असो, मुळी उपाशी. जस्ताचेही बरेचसे तसेच. म्हणजे कणगी भरलेली आहे, पण हात पोहोचत नाही.

हा हात लांब करणारी वस्तू म्हणजे बुरशी. बुरशी म्हटले की आपल्याला करपा आठवतो, रोपांची मर आठवते, पावसाळ्यातली भाकरी आठवते. पण माणसांत जसे चोरही असतात आणि कष्टकरीही असतात, तसे बुरशीतही आहे. मुळीशी संगत करून राहणाऱ्या बुरशीला मायकोरायझा असे नाव आहे. १८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते दिले; अर्थ एवढाच की ‘बुरशीमुळी’. त्याने पाहिली ती रानातल्या मोठ्या झाडांची. आपल्या भाजीपाल्याच्या मुळ्यांत जी असते तिची जात वेगळी. ती मुळीच्या पेशीत शिरते आणि तेथे झाडासारख्या बारीक फांद्या फोडते. बाहेरच्या बाजूस तिचे तंतू मातीत पसरतात. ते केसाहून कितीतरी बारीक, म्हणून जेथे मुळी शिरणार नाही अशा फटीत ते शिरतात आणि मुळीपासून कित्येक सेंटिमीटर दूरचे स्फुरद व जस्त उचलून आत आणून देतात. जमिनीवरच्या वनस्पतींच्या दहा जातींपैकी अजमासे सात जातींच्या मुळ्यांत ही संगत आढळते. स्कॉटलंडात चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगड होऊन राहिल्या आहेत, त्यांतही हिच्या खुणा सापडल्या. त्या वेळी वनस्पतींना धड मुळ्याही नव्हत्या.

ही बुरशी फुकट राबत नाही. तिला हिरवे पान नाही, म्हणून साखर करता येत नाही. ती पिकाकडून घेते. पीक जेवढी साखर करते तिच्यापैकी शंभरातील चारपासून वीसपर्यंत वाटे तिला जातात असे मापले गेले आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हे बलुते आहे. सुताराने औत नीट ठेवावे आणि खळ्यावर पेंढ्या घ्याव्यात, तसे. बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता आणि ती मोडली हे बरेच झाले. मी तिचे गोडवे गात नाही. पण हा व्यवहार समजण्यास तो दाखला सोयीचा आहे, कारण पुढची गोष्टही तशीच घडते. कारखान्याचा लोखंडी नांगर घरी आला, की कुणब्याने सुताराच्या पेंढ्या कमी केल्या. मुळीपाशी विद्राव्य स्फुरदाची रास घातली, की पीकही बुरशीची साखर आखडते. मुळीतली बुरशी घटते, बाहेरचे तंतू घटतात. स्फुरद तर पिशवीतून मिळाले, पण ती बुरशी जस्त आणीत होती ते कोण आणणार? शिवाय स्फुरदाची रेलचेल स्वतःच जस्ताला अडविते. मग पात पिवळसर, वेडीवाकडी होते, आणि आपण दुकानात जाऊन आणखी एक बाटली आणतो.

२०१५ पासून सरकारने मृद आरोग्य पत्रिका देणे सुरू केले. ती पुष्कळांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. ती काढा. मुलगा किंवा मुलगी शाळेत असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. स्फुरदापुढे ‘जास्त’ असे छापले असेल आणि तरी आपण दर साली डीएपीच्या गोण्या टाकीत असू, तर आपण पैसे देऊन आपलाच गडी हाकलीत आहो. पत्रिकेत ‘कमी’ असेल तर स्फुरद घातलेच पाहिजे. बुरशी नसलेले निर्माण करीत नाही, असलेले आणून देते. स्फुरद बंद करा असे मी म्हणतो, असे घरी जाऊन कोणी सांगू नये.

आपले वाडवडील ‘बेवड’ म्हणत. कांद्याला कशाचा बेवड चांगला, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. कारण आता सांगता येते. ही बुरशी जिवंत मुळीवाचून वाढत नाही. ज्वारी, बाजरी, मका, तूर, हरभरा, भुईमूग, मेथी, मिरची, वांगी, भेंडी यांच्या मुळ्यांवर ती पोसते. पण कोबी, फुलकोबी, मुळा आणि मोहरी हे एक कूळ, आणि पालक, बीट, चाकवत व राजगिरा हे दुसरे. या दोन्ही कुळांचे तिच्याशी जवळजवळ जमत नाही. ही पिके वाईट असे नव्हे. ती आपली सोय आपण पाहतात. परंतु ज्या रानात कोबीमागून कोबी घेतला, तेथे मातीतल्या बुरशीला आश्रय राहत नाही, आणि मग त्याच रानात कांद्याचे रोप लावले तर त्याला कोणी भेटत नाही. कोबीनंतर कांदा लावावयाचा असेल तर मध्ये एक ज्वारीचे, मक्याचे किंवा मेथीचे पीक जाऊ द्यावे.

याहून वाईट म्हणजे रान लांब काळ उघडे ठेवणे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. तेथील शेतकरी पाऊस साठविण्यासाठी वर्ष-वर्षभर रान तणमुक्त व उघडे ठेवीत आणि मग पेरीत. ओल भरपूर, तण नाही, तरी पीक खुजे राही. १९८७ साली थॉम्प्सन या संशोधकाने दाखविले की, त्या मुदतीत मुळीच न मिळाल्याने बुरशी उपासाने संपली होती, आणि पीक स्फुरद व जस्त यांवाचून अडले होते. आपल्याकडे उन्हाळ्याची नांगरट तणासाठी व किडीसाठी करतात. ती सोडा असे मी म्हणणार नाही, पण एका उन्हाळ्यात तीन-तीनदा रोटाव्हेटर फिरवून माती पिठासारखी करण्यात काय साधते ते मला कळत नाही. प्रत्येक फेऱ्यात ते तंतू तुटतात. आणि पावसाळ्यात रान मोकळे राहणार असेल तर ताग टाकावा. माती धुपत नाही आणि बुरशीचेही पोट चालते.

येथे एका इंग्रज गृहस्थाचे नाव घेतले पाहिजे. अल्बर्ट हॉवर्ड. तो १९०५ साली सरकारी शेतीतज्ज्ञ म्हणून हिंदुस्थानात आला, शिकवावयास. आणि पुढे त्याने लिहिले की येथील शेतकरी आणि पिकावरच्या किडी हेच आपले खरे गुरू झाले. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्याने शेण, मूत, काडीकचरा व राख यांपासून खत कुजविण्याची पद्धत बसविली. तिचे पुस्तक १९३१ साली निघाले, त्यावर त्याच्याबरोबर यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्याचेही नाव आहे. साहेबाचे नाव जगभर झाले, वाडांचे आपल्या गावातही कोणास ठाऊक नाही. हॉवर्डने पुढे देशोदेशींच्या पिकांच्या मुळ्या तपासल्या आणि १९४०च्या आपल्या ग्रंथात चांगले कुजलेले खत व मुळीतली बुरशी यांचा संबंध जोरात मांडला. त्याचे सर्वच खरे ठरले नाही. त्याला वाटे की पीक या बुरशीला पचवून तिच्यातील पौष्टिक अंश घेते. पुढच्या संशोधनात दिसले की मुख्य देवघेव खनिजांची व साखरेची आहे. पण कुजलेल्या खताने बुरशी बळावते हे त्याचे निरीक्षण पुष्कळ ठिकाणी पटले आहे, कारण ते खत स्फुरद हळूहळू सोडते आणि माती भुसभुशीत ठेवते. आणि त्याच्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात डोंगरावरचा पालापाचोळा व त्याचे सत्त्व पावसाने वाहून न जाता शेतांत मुरावे, म्हणून ताली-बंधारे घालण्याचे सांगितलेच होते. वरची वीतभर माती गेली की खत गेले, आणि बुरशीही गेली.

आता चवीकडे वळू. येथे दुकानदार एक थाप मारतात, ती आधी सांगतो. बुरशीचे पाकीट टाकले की कांदा चवदार होतो, असे ते म्हणतात. बुरशी चव घालीत नाही. तिने रोप नीट पोसले तर त्याची चव आपल्या वाणाप्रमाणे उतरते, एवढेच. कांद्याचा तिखटपणा ज्यापासून बनतो तो पदार्थ गंधक हा आहे.

कांदा अखंड असता त्याला वास फारसा नाही. कारण गंधक असलेला एक पदार्थ पेशीच्या एका कप्प्यात असतो आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात. विळीवर चिरला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, आणि झोंबणारी वाफ उठते. डोळ्यांत पाणी आणणारी वाफ घडविण्यास आणखी एक निराळे विकर लागते, हे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखविले. या साऱ्याला गंधक मातीतूनच येते. मातीत गंधक थोडे, तर कांदा फिका.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हिडेलिया नावाचे गाव आहे. तेथील रेताड जमिनीत गंधक फार कमी. १९३०च्या सुमारास तेथल्या शेतकऱ्यांना आढळले की आपला कांदा झोंबतच नाही, गोड लागतो. प्रथम त्यांना वाटले माल बिघडला. गिऱ्हाईक मात्र मागू लागले. १९८६ साली त्या राज्याने कायदा करून ते नाव त्या मुलखातल्या कांद्यापुरतेच राखले. ज्याला गोड कांदा विकावयाचा त्याचे ठीक आहे. आपल्याकडे अलिबागचा पांढरा कांदा गोडसर म्हणूनच नावाजला आहे. परंतु देशावरच्या लाल व उन्हाळी कांद्याला तिखटपणा पाहिजे आणि टिकाऊपणा पाहिजे, आणि साधारणपणे तिखट, घट्ट, कमी पाण्याचा कांदा चाळीत अधिक दिवस राहतो.

मग आपले गंधक गेले कोठे? पूर्वी घरोघर सिंगल सुपर फॉस्फेट टाकीत. त्यात स्फुरद शंभरी १६, आणि गंधक शंभरी सुमारे ११. गंधकाचा कोणी विचारही करीत नसे, ते आपोआप पडे. मग डीएपी आले. पिशवीवर १८-४६-० असे लिहिलेले असते. हे आकडे मंत्र नव्हेत, की भटजीने म्हणावे आणि आपण मान डोलवावी. पहिला आकडा नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. गंधकाचा आकडाच नाही, कारण गंधक जवळजवळ नाही. हिशेब करा. डीएपीची ५० किलोची एक गोणी म्हणजे २३ किलो स्फुरद. सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या म्हणजे २४ किलो स्फुरद, आणि वर सुमारे १६ किलो गंधक. डीएपीत ९ किलो नत्र आहे, ते भरून काढावयास २० किलो युरिया लागतो. तीन गोण्या वाहून आणण्याचा त्रास आहे, तो खरा. दुकानात दोन्हींचे भाव विचारून कागदावर मांडा, आणि मग ठरवा. ज्याच्या रानात स्फुरद आधीच भरपूर आहे त्याने गंधकासाठी सुपर फॉस्फेटही घेऊ नये. त्याने जिप्सम घ्यावे, किंवा नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्यावा, कारण त्यात गंधक शंभरी २४ आहे. शेणखतातही गंधक असते, थोडे, पण असते.

नत्राविषयी थोडक्यात. युरिया जास्त आणि उशिरा पडला की पात हिरवीगार, मान जाड, कांदा पाणचट, आणि चाळीत सड. पालकाला व मेथीला अति युरिया दिला की पानांत नायट्रेट साठते. भाजी दिसते छान, खाण्यास चांगली नाही. काढणीपूर्वी पाणी तोडण्याची आपली जुनी रीत आहे ती कांद्याला उत्तम. टोमॅटोची चव साखर व आंबटपणा यांच्या मेळावर असते. त्याला पालाश कमी पडले की फळ एकसारखे रंगत नाही.

आता पाकिटांविषयी, कारण त्यात पैसा जातो. ज्या रानात वर्षानुवर्षे ज्वारी, तूर, हरभरा होत आला आहे, तेथे बुरशी आहेच; तेथे एकरभर विकत आणून टाकण्याची गरज बहुधा पडत नाही. पाकिटाचा खरा उपयोग तेथे, जेथे ती नाही. कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढविलेल्या रोपांत नाही. सपाटीकरणात वरची माती जाऊन मुरूम उघडा पडला तेथे नाही. ऊन देऊन तापविलेल्या गादीवाफ्यात फार थोडी. आणि टाकावयाची तर रोपवाटिकेतच टाका. एकराच्या कांद्याला दोन गुंठ्यांचे रोप पुरते. खर्च तेवढ्यापुरताच, आणि रोप बुरशी घेऊनच रानात जाते. ट्रायकोडर्मा ही वस्तू निराळी. तीही मातीतली बुरशी, पण तिचे काम रोपे कोलमडविणाऱ्या बुरशीशी लढण्याचे. ती स्फुरद आणणारा गडी नव्हे. दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकू लागला तर दुसऱ्या दुकानात जावे. आणखी एक. लागणीपूर्वी रोपे कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडविण्याची चाल आहे. सडीचा उपद्रव असेल तेथे ती सोडवत नाही. पण त्याच मुळीला पाकिटातली बुरशी लावून वर कार्बेन्डाझिम द्यावयाचे, म्हणजे पाहुण्याला बोलावून दाराला कडी घालण्यासारखे आहे. ते औषध तिलाही मारक आहे.

घरीही ती वाढविता येते, आणि यात ज्यांना जमीन नाही त्या कारागीर मंडळींनाही भाग घेता येईल, कारण त्याला कुंभाराच्या दोन मोठ्या कुंड्या आणि परसातले ऊन पुरते. निम्मी वाळू, निम्मी माती घेऊन ती ओली करावी, प्लास्टिकच्या कागदाखाली वैशाखाच्या उन्हात महिनाभर तापवावी. कुंडीत भरून, बांधावरच्या जुन्या गवताच्या मुळाखालची ओंजळभर माती मुळ्यांसकट त्यात घालावी. कांदा, वांगी, टोमॅटो यांच्या रानातली माती घालू नये, तिच्याबरोबर सूत्रकृमी व मर घरात येते. वर ज्वारी किंवा मका दाट पेरावा. स्फुरद अजिबात देऊ नये. रोप थोडे भुकेले राहिले तरच ते बुरशीला बोलाविते. तीन महिने पाणी घालावे, मग दहा दिवस तोडावे, ताटे कापावीत, मुळ्या बारीक चिरून त्याच मातीत मिसळाव्यात. ती माती सावलीत सुकवून रोपवाटिकेत बियाच्या ओळीखाली टाकावी.

माझ्यावर विश्वास ठेवून काही करू नका. या रब्बीत चार वाफे निवडा, एकाच रानातले, एकाच पाटाचे. पहिला आपल्या नेहमीच्या रीतीचा. दुसऱ्यात फक्त गंधक जास्त. तिसऱ्यात फक्त बुरशी दिलेले रोप. चौथ्यात दोन्ही. खुंट्यांवर नंबर लिहा, बाकी कसलाही फरक करू नका. काढणीला प्रत्येक वाफ्याचे वजन करा. प्रत्येकातले दहा-दहा किलो जाळीच्या पिशवीत भरून, नंबराची चिठ्ठी आत टाकून, एकाच चाळीत टांगा, आणि पोळ्याला पुन्हा वजन करून सडका वेगळा काढा. चवीचा निवाडा मायबहिणींनी करावा, नंबर न सांगता. कोणता कांदा कोणत्या वाफ्यातला हे चिरणारीलाही ठाऊक नसावे, नाही तर नवऱ्याच्या आवडत्या वाफ्याचा कांदा तिखट लागावयाचा. आकडे शाळेत आणून द्या, मुले फळ्यावर मांडतील. ज्याचे आकडे माझ्या बोलण्याच्या उलट येतील, त्याने ते आधी आणावेत.